साइट कशात बांधायची, ते नंतर बघू
वाचकांचे प्रश्न, लातूरहून उत्तरं

मागच्या अंकात ‘व्यवसायाच्या वेबसाइटबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा’ असं लिहिलं आणि पत्रांचा ढीग झाला. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न: साइट बांधायची ती वर्डप्रेसवर की शॉपिफायवर? सगळ्या ढिगातली पाच पत्रं घेतली आहेत. गावं दिली आहेत, नावं दिलेली नाहीत.

पैठणहून एक ताई लिहितात: नमस्कार. आमच्या घरी पैठणीचं काम चालतं. तीन माग आहेत. आधी माल दुकानदारांना जायचा, आता व्हॉट्सॲपवर थेट गिऱ्हाईक येतं, तेही ओळखीतून. नाथषष्ठीच्या गर्दीत काही जण घरी येऊन माग बघून जातात. आता वेबसाइट करायची म्हणतोय, पण घरात चार मतं आहेत. मुलगा म्हणतो शॉपिफाय घेऊ, महिन्याचं भाडं भरलं की दुकान तयार. त्याचा मित्र वर्डप्रेसवर १८ हजारांत करून देतो म्हणतो. संभाजीनगरच्या एका एजन्सीनं ‘पूर्ण कस्टम’, म्हणजे खास आमच्यासाठी नव्यानं बांधलेली, म्हणून ६५ हजारांचं कोटेशन दिलंय. आणि ह्यांचं म्हणणं, इन्स्टाग्राम फुकट असताना खर्च कशाला. हिशेब मी बघते, म्हणून निर्णय माझ्या गळ्यात पडलाय.

उत्तर: ताई, हिशेब तुम्ही बघता हे वाचून बरं वाटलं. या प्रश्नाचं उत्तर कॉम्प्युटरवाल्यापेक्षा वही लिहिणाऱ्या माणसाला लवकर सापडतं.

आधी एक मोजा. आज या घडीला घरात विकायला तयार अशा साड्या किती? तीन मागांवर, साध्या काठाची साडी काही आठवड्यांत उतरते आणि भरलेल्या पदराची महिनोन्‌महिने चालते. म्हणजे फार तर दहा-पंधरा नग असतील, आणि प्रत्येक नग एकुलता एक. बांगडी मोराचा जांभळा पदर गेला की गेला, त्याच रंगात तोच पुन्हा उद्या नाही. ऑनलाइन दुकानाची तयार सॉफ्टवेअरं बनली आहेत ती एकाच डिझाइनचे शंभर कुर्ते चार मापांत विकणाऱ्यासाठी. स्टॉक, साइज, कार्ट, ऑफर कूपन, यातलं तुम्हाला किती लागणार?

दुसरं, तुमचं गिऱ्हाईक कसं वागतं ते आठवा. चाळीस हजारांची साडी कुणी रात्री बारा वाजता न बोलता कार्टमध्ये टाकून पैसे भरून झोपत नाही. आधी मेसेज येतो. पदर नीट दाखवा. मागची बाजू दाखवा. रंग खरंच असाच आहे का? मग व्हिडिओ कॉल, मग घरातल्या दोघींशी चर्चा, मग चार दिवस शांतता, मग भाव. हा सौदा फोनवर होतो. साइटचं काम एवढंच, की अनोळखी बाईला तो फोन करायचा धीर यावा.

आता मुलाचं शॉपिफाय. चीज चांगली आहे, त्यात वाद नाही. पण वहीत मांडा. भाडं साधारण महिन्याला दीड-दोन हजारांच्या घरात, विक्री होवो न होवो. त्यांची स्वतःची पेमेंट सोय भारतात नाही, म्हणून बाहेरचा पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन तुम्हाला पोचवणारी मधली सेवा, जोडावा लागतो. तो जोडला की सुरुवातीच्या प्लॅनमध्ये शॉपिफाय प्रत्येक विक्रीवर वेगळे २ टक्के लावतं. गेटवेचे साधारण २ टक्के वेगळे, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. चाळीस हजारांच्या साडीवर ८०० अधिक ८०० अधिक १४४, झाले १,७४४. महिन्याला दोनच साड्या गेल्या तर भाड्याचे आणखी हजारेक रुपये प्रत्येक साडीवर बसले. तेच पैसे तुमच्या दुकानाच्या क्यूआरवर यूपीआयनं आले किंवा थेट बँकेत आले तर? यूपीआयवर व्यापाऱ्याकडून घ्यायचं शुल्क सरकारनं जानेवारी २०२० पासून शून्य केलंय. मोठ्या रकमेला यूपीआयची दिवसाची मर्यादा आड येते, तिथे एनईएफटी आहेच. पुढे माग वाढले आणि महिन्याला वीस-पंचवीस साड्या अनोळखी लोकांना जायला लागल्या की मुलाचं म्हणणं बरोबर ठरेल. तेव्हा हा सगळा खर्च झाकला जातो आणि त्याची रात्रीची झोपही वाचते.

मित्राचं वर्डप्रेस. हे २००३ पासूनचं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, आणि जगातल्या दर दहा साइट्सपैकी चारांहून जास्त त्यावर चालतात. इतकं पसरलेलं असल्यामुळे चोरट्यांनाही त्याच्या खाचाखोचा पाठ आहेत. वर्डप्रेस आणि त्याला जोडलेले प्लगिन, म्हणजे जादा कामांचे छोटे जोड, वेळोवेळी अपडेट करावे लागतात. कुणी केलेच नाहीत तर काय होतं ते मी पाहिलंय. आमच्या बाजूच्या एका खतं-बियाणांच्या दुकानाची साइट फोनवर उघडली की सरळ रमीच्या जाहिरातीवर जायची. मालकाला पत्ता नव्हता, कारण तो स्वतःची साइट कधी उघडतच नव्हता. एका शेतकऱ्यानं भर दुकानात विचारलं तेव्हा कळलं. म्हणून मित्राला १८ हजारांत काय-काय येतं ते विचारू नका, ‘दुसऱ्या वर्षी किती’ ते विचारा. होस्टिंगचा, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेचा, पहिल्या वर्षीचा भाव स्वस्तातला असतो, नूतनीकरणाला तो दुप्पट-तिप्पट झालेला मी नेहमी बघते. अपडेट आणि बॅकअप कोण करणार, त्याचे वर्षाचे किती, हे कागदावर घ्या. मित्र म्हणाला ‘बघून घेऊ काकू’, तर ओळखा की कुणीच बघणार नाही.

एजन्सीचे ६५ हजार. एजन्सी वाईट असते असं नाही, पण ‘पूर्ण कस्टम’ हा शब्द तपासून घ्या. त्यांनी आधी केलेल्या चार साइट्सचे पत्ते मागा. कॉम्प्युटरवर त्यातली एक उघडा, राइट क्लिक करून ‘व्ह्यू पेज सोर्स’ म्हणा, कंट्रोल-एफ दाबा आणि इंग्रजीत डब्ल्यूपी, मग छोटी आडवी रेघ, मग कंटेंट असं टाइप करा. जागोजागी सापडलं तर ती वर्डप्रेसचीच साइट आहे, बहुधा बाजारातल्या तयार थीमवर, म्हणजे साच्यावर. वर्डप्रेस असायला हरकत नाही. पण मग मित्राच्या १८ आणि यांच्या ६५ मध्ये फरक कशाचा, ते त्यांच्याकडून ऐकून घ्या. फोटो काढायला माणूस येणार असेल, मजकूर लिहून देणार असतील, दोन वर्षांची देखभाल धरली असेल, तर कदाचित रक्कम रास्तही असेल.

इन्स्टाग्राम चालू ठेवा, तुमच्या यजमानांना सांगा की ते बरोबर आहेत. पण निम्मेच. तिथे मागच्या दिवाळीची साडी शोधायला खाली-खाली सरकावं लागतं, आणि अकाउंट एकदा लॉक झालं तर विचारायला खिडकी नाही.

तर माझं मत विचाराल तर या वर्षी असं करा. स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घ्या. डॉट इन साधारण ५०० ते हजार रुपयांत वर्षाला मिळतं. ते मुलाच्या मित्राच्या नव्हे, तुमच्या ईमेलवरून घ्या. का, ते खालच्या उदगीरच्या पत्रात आहे. गुगल साइट्सवर चार पानं बांधा. ते फुकट आहे, अपडेटची भानगड नाही, स्वतःचं डोमेन जोडता येतं, मुलगा एका रविवारात करील. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग भरा, त्यात ५०० वस्तूंपर्यंत जागा आहे, आणि साइटवरच्या प्रत्येक साडीखाली त्याची लिंक द्या. साइट दिसायला साधी होईल. होऊ द्या, पैठणी साधी नाहीये, तेवढं पुरे. गुगलनं उद्या ही सोय बंद केली तर? करू शकतं, त्याबद्दल भूमचं पत्र आहे. पण डोमेन तुमचं असेल तर चार पानं दुसरीकडे हलवणं एका दिवसाचं काम आहे.

वाचलेल्या पैशांतून फोटोंवर खर्च करा. धूपछाँव रंगाची साडी ट्यूबलाइटखाली एकच रंग दाखवते, आणि पार्सल उघडल्यावर बाई म्हणते, हा तो रंग नाही. सकाळी दाराशी, ऊन थेट पडणार नाही अशा जागी साडी धरा, आणि हळूहळू वळवत दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. त्यात दोन्ही रंग येतात. पदर पूर्ण उघडून एक फोटो, आणि पदराची मागची बाजू जवळून. हातमागावरच्या पदराची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ असते, यंत्रावरच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात. हे एक चित्र आणि त्याखाली दोन ओळी, एवढ्यावर तुमची साडी यंत्रावरच्या ‘पैठणी’पासून वेगळी उठून दिसेल. शुद्ध रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल असेल तर त्याचा फोटो. माग चालू असताना काठाजवळचा हात. मुनिया कुठली, असावली कुठली, नारळी काठ कुठला, हे तुमच्या सासूबाईंकडून ऐकून त्यांच्याच शब्दांत लिहा. एजन्सीचा लेखक ‘परंपरा आणि आधुनिकतेचा सुरेख संगम’ असं लिहील, ते नको.

फोटो फोनमधून जसाच्या तसा चढवू नका. एकेक पाच-सहा एमबीचा असतो. पंधरा साड्यांचं पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. लहान करून दोनशे केबीच्या आसपास आणा. किंमत लिहा. ‘किमतीसाठी मेसेज करा’ असं लिहिलं की निम्म्या बायका लाजून विचारतच नाहीत. साडी विकली की फोटो काढून टाकू नका, ‘विकली गेली’ असं लिहा. तशीच दुसरी विणून द्याल का, असं विचारणारे येतातच.

पुढे साइटवरच पैसे घ्यायला लागाल तेव्हा नियम लागतील. २०२० च्या ग्राहक संरक्षणाच्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव-संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. परत घेण्याची अट स्पष्ट हवी. साडी पुण्याला गेली तर राज्यातल्या राज्यात, हैदराबादला गेली की आंतरराज्य विक्री. तिथे जीएसटी नोंदणीचा प्रश्न उलाढाल कमी असली तरी उभा राहतो. हस्तकलेच्या वस्तूंना त्यात वेगळी सवलत आहे. तुमच्या मालाला ती कशी बसते ते तुमच्या सीएंना आत्ताच विचारून ठेवा.

उदगीरहून एक दुकानदार: ताई, माझं मोटारपंप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. गल्लीतल्याच एका पोरानं साइट करून दिली होती, सहा हजार घेतले होते. आता तो पुण्याला नोकरीला गेला, फोन उचलत नाही. साइट महिन्याभरापासून उघडत नाही. डोमेन, पासवर्ड, काहीच माझ्याकडे नाही. पोलिसात जावं का?

उत्तर: दादा, पोलीस राहू द्या. पोरगा चोर नाही, कंटाळलाय. सहा हजार एकदाच दिले आणि पुढे प्रत्येक दर बदलला की तुम्ही त्यालाच फोन केला, खरं की नाही? देखभालीचे पैसे ठरलेच नव्हते, मग तो किती दिवस उचलेल? त्याच्या आईवडिलांकडे निरोप ठेवा, ‘राहिलेले काय असतील ते देतो, फक्त माझं नाव मला दे’ म्हणा. निम्म्या भांडणांचा निकाल इथेच लागतो.

दरम्यान स्वतः एवढं बघा. डोमेनचा ‘हू-इज’ शोध फुकट करता येतो. त्यात नोंदणी कुठल्या कंपनीकडे आहे आणि मुदत कधी संपते ते दिसतं. मालकाचं नाव हल्ली बहुतेक वेळा झाकलेलं असतं. मुदत संपलेली असेल तर घाई करा. नाव लगेच दुसऱ्याला जात नाही, काही आठवडे जुन्या खात्यावरून नूतनीकरण करता येतं. त्यानंतर सोडवून घ्यायचा दंड बराच वाढतो आणि शेवटी नाव मोकळं होऊन कुणीही घेऊ शकतं. मुदत चालू असेल तर बिघाड होस्टिंगचा आहे, म्हणजे नाव शाबूत आहे, फक्त त्यामागची जागा बंद पडलीय.

डोमेन म्हणजे साइटचा सातबारा. वर बांधकाम कुणीही करो, उतारा कुणाच्या नावावर आहे ते महत्त्वाचं. तुमच्या बाबतीत उतारा त्या पोराच्या ईमेलवर निघालाय. तो सापडला तर त्याच्याकडून डोमेन तुमच्या खात्यावर ‘ट्रान्सफर’ करून घ्या. त्याला लागतो तो ‘ऑथ कोड’, म्हणजे नाव हलवायची किल्ली. ती त्या पोरालाच त्याचं खातं उघडून काढता येते. नोंदणीची कंपनी बदलणार नसाल तर नुसतं खात्यातून खात्यात सरकवलं तरी भागतं, तेच सोपं. आणि तो सापडलाच नाही, तर नोंदणी करणाऱ्या कंपनीला दुकानाचं जीएसटी प्रमाणपत्र, त्याला दिलेल्या पैशांची पावती, साइटच्या पत्त्यासकट छापलेली दुकानाची बिलं जोडून लिहा. देतीलच असं नाही. नोंदणी त्याच्या नावावर असेल तर कागदोपत्री मालक तोच.

नवीन नाव घ्यायची वेळ आली तर रडत बसू नका, उदगीरच्या दुकानाला नाव नवं झालं म्हणून कुणी येणं थांबवत नाही. जुना मजकूर हवा असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाकून बघा, बऱ्याचदा पानं तिथे जपलेली सापडतात. नवीन नाव स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर, स्वतःच्या कार्डानं घ्या. एकदम पाच वर्षांचं घेतलं तरी चालतं, दहापर्यंत घेता येतं. तो ईमेल दुकानातल्या नोकराच्या फोनवर उघडा ठेवू नका.

आणि खरं विचाराल तर तुम्हाला साइट हवीच आहे का? ठिबकचा शेतकरी तुम्हाला गुगल मॅपवर शोधतो आणि फोन लावतो. सीझनमध्ये पंप जळाला की तो पानं वाचत बसत नाही. मॅपवरचा नंबर बरोबर आहे का, रविवारी दुकान उघडं की बंद ते लिहिलंय का, एवढं आज दुपारी तपासा. साइट पावसाळ्यानंतर करा.

भूम तालुक्यातून, खवा-पेढ्याचा व्यवसाय: आमची गुगलवर फुकट वेबसाइट होती, पत्त्याच्या शेवटी ‘बिझनेस डॉट साइट’ असं यायचं. पेढ्याच्या बॉक्सवर तोच पत्ता छापलाय. आता ती उघडतच नाही. काय झालं? नवीन कशात करू? कुरिअरनं खवा पाठवायचाही विचार आहे.

उत्तर: काका, तुमचं काही चुकलं नाही. गुगल बिझनेस प्रोफाइलमधून बनवलेल्या त्या सगळ्या साइट्स गुगलनं मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. जून २०२४ पर्यंत त्या पत्त्यावर गेलं की तुमचं प्रोफाइल उघडायचं, नंतर तेही थांबलं. प्रोफाइल म्हणजे मॅपवरचं तुमचं नाव, फोटो, वेळा, ते अजून तिथेच आहे. ते सांभाळा.

बॉक्स छापून झाले आहेत हे वाईट झालं. पुढच्या छपाईला स्वतःचं डोमेन टाका, मग त्यामागची साइट कुठेही हलवली तरी बॉक्सवरचा पत्ता तोच राहतो. तोवर क्यूआरचं स्टिकर चिकटवा.

खवा कुरिअरनं पाठवायचं मात्र मनातून काढा. एप्रिलमध्ये धाराशिव जिल्ह्यातून निघालेलं पार्सल तिसऱ्या दिवशी कुठल्या अवस्थेत उघडेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पेढा टिकतो, त्याचं बघता येईल. पण तुमचं खरं गिऱ्हाईक कुंथलगिरीला येणारे यात्रेकरू आणि सोलापूर-बीड रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या. त्यांच्यासाठी साइटचं एकच पान पुरे: भट्टी कुठे आहे, गाडी कुठे लावायची, आज ताजा घाणा किती वाजता उतरतो, भाव काय. पेढे पाठवायला लागलात तर १४ अंकी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबर साइटवर दाखवा. बंद पाकिटावर जे छापता ते, म्हणजे निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता, ऑनलाइन विकतानाही पानावर दिसायला हवं. तो नियम १ जानेवारी २०१८ पासून आहे.

वाळूज एमआयडीसीतून: आमचं छोटं मशीनिंग युनिट आहे, गाड्यांचे सुटे भाग करतो. डोमेनमध्येच ‘औरंगाबाद’ आहे. शहराचं नाव बदललं, आता डोमेन बदलावं का? आणि नवीन साइट वर्डप्रेसवर करावी की साध्या एचटीएमएलवर?

उत्तर: डोमेन अजिबात बदलू नका. कंपन्यांच्या खरेदी विभागाच्या यादीत, जुन्या पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर), ईमेलवर तेच नाव आहे. २०२३ मध्ये नाव बदललं तरी बाहेरचे लोक दोन्ही नावांनी शोधतात. पत्त्यात छत्रपती संभाजीनगर लिहा, आणि एका ओळीत आधीचं नाव औरंगाबाद, महाराष्ट्र असंही येऊ द्या. ‘महाराष्ट्र’ मुद्दाम, बिहारमध्येही औरंगाबाद आहे आणि तिकडच्या चौकशा तुम्हाला नको.

बाकी तुमची साइट वर्षातून दोनदा बदलणार, तिला वर्डप्रेस कशाला? साधी एचटीएमएलची, म्हणजे मागे कुठलं सॉफ्टवेअर चालत नसलेली, पानं बनवून घ्या. त्यात हॅक होण्यासारखं फार काही नसतं आणि होस्टिंग किरकोळ लागतं. खरेदी अधिकारी तुमच्या साइटवर अर्धा मिनिट थांबतो आणि यंत्रांची यादी शोधतो: व्हीएमसी (उभी मिलिंग यंत्रं) किती आणि टेबलाचं माप काय, टर्निंग सेंटर किती, प्रेस किती टनांचा, सीएमएम (भागांची मापं तपासायचं यंत्र) घरात आहे की बाहेरून तपासून आणता, आयएसओ प्रमाणपत्राची मुदत कधीपर्यंत. ही यादी पहिल्या पानावर हवी, आणि तीच पीडीएफमध्ये, कारण तो ती पुढे साहेबांना पाठवतो. हात मिळवणाऱ्या गोऱ्या साहेबांचा विकतचा फोटो काढून टाका, शॉप फ्लोअरचा खरा फोटो लावा. कोटेशन जीमेलवरून पाठवत असाल तर तेही थांबवा, डोमेन आहे तर ईमेल त्यावरच घ्या. घेताना एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी, म्हणजे ईमेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलंय याची खूण, करून द्यायला सांगा, नाहीतर कोटेशन स्पॅममध्ये जाऊन पडेल आणि तुम्हाला वाटेल की भाव जास्त झाला.

साइटला एसएसएल, म्हणजे जाणारी-येणारी माहिती गुप्त ठेवणारं प्रमाणपत्र, आहे का तेही बघा. जुलै २०१८ पासून क्रोम त्याशिवायच्या साइटवर ‘नॉट सिक्युअर’ लिहितो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, त्याचे वर्षाला तीन हजार कुणी मागत असेल तर देऊ नका.

नांदेडहून एक कापड दुकानदार: पॅम्फ्लेटचा मजकूर डीटीपीवाल्याकडून घेऊन साइटवर टाकला, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि कसलीकसली चिन्हं दिसतात. साइटवाला म्हणतो सगळा मजकूर फोटो म्हणून टाकू. आमच्याकडे तेलंगणातूनही गिऱ्हाईक येतं, तेलुगूही टाकावं का?

उत्तर: हा माझ्या घरचा प्रश्न. लातूरच्या गंजगोलाईजवळ माझं डीटीपीचं दुकान होतं तेव्हा लग्नपत्रिकांपासून निवडणुकीच्या पत्रकांपर्यंत सगळं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायचं. त्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या पोटात रोमन अक्षरांचे कोड असतात, वर फक्त मराठी आकार काढलेले असतात. फॉन्ट असलेल्या कॉम्प्युटरवर मराठी दिसतं, दुसरीकडे पोटातलं बाहेर येतं. छपाईला ते चालून गेलं, साइटला चालत नाही. डीटीपीवाल्याला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा रूपात, बदलून मागा. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. बदलून झाल्यावर मात्र एकदा वाचा, जोडाक्षरं आणि रफार हमखास इकडेतिकडे होतात. ‘सर्व’चं काहीतरी भलतंच झालेलं असतं. फॉन्टसाठी पैसे घालवू नका. मुक्त, बलू असे चांगले देवनागरी फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत.

मजकूर फोटो म्हणून टाकायला साफ नाही म्हणा. फोटोतली अक्षरं शोधात नीट धरली जात नाहीत आणि फोनवर वाचायला बोटांनी मोठी करावी लागतात. गणेशोत्सवात कुणी मराठीत ‘नांदेड नऊवारी’ शोधलं तर तुमचं पान समोर यायला हवं.

तेलुगू जरूर टाका, पण सगळं नको. दुकानाची वेळ, स्टेशनपासून कसं यायचं, लग्नाच्या बस्त्याला काय सवलत, एवढ्या पाच-सहा ओळी पुरेत. त्या मशीनकडून करून घेऊ नका. निजामाबादकडचं कुणी ना कुणी तुमच्या काउंटरवर रोज उभं असतं, त्यांच्याकडून बोलून घ्या आणि त्यांनाच वाचायला द्या.

साइटवाल्यानं काम झालं म्हणून कळवलं की फोनवर पान उघडा आणि मधल्या एखाद्या मराठी शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला जाऊन ‘कॉपी’ आलं तर पैसे द्या. फोटो सेव्ह करायचा का असं विचारलं, तर त्यानं पुन्हा पॅम्फ्लेटच चिकटवलंय, काम परत पाठवा.